फळीवरचे आकडे आणि वहीतला 'रा'

माझ्याकडे एक लाँगबुक आहे. २०० पानांची, खडे बाजारातून आणलेली. दर रविवारला एक पान. वर तारीख, डाव्या बाजूला मिनिटं, मध्ये गाण्यांचे नंबर, उजवीकडे पट्टी: काळी एक, काळी दोन, पांढरी चार. कुठल्या कडव्याला तबला बंद, शास्त्रवाचन कोण करणार, अर्पणाच्या पिशव्या कुठल्या ओळीपासून फिरणार, सगळं त्यात. बायको या वहीला 'साहेबांचं ड्रॉइंग' म्हणते. तिचंही बरोबर आहे. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंग सेक्शनला सुपरवायझर आहे, ड्रॉइंग हातात असल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिसरं रेल्वे गेट ओलांडून घरी आलो, आंघोळ केली, चहा घेतला की शनिवारी संध्याकाळी मी ही वही घेऊन बसतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या घरी अजून चर्चला देऊळच म्हणतात. "देवळाला जाऊन आलो" म्हटलं की नवा शेजारी विचारतो, "कुठल्या, कपिलेश्वराच्या काय?" मग सांगावं लागतं. आमची मंडळी लहान, सणासुदीला दीडशे माणसं, एरवी सत्तर-ऐंशी. सकाळी आठला मराठी उपासना, दहाला कन्नड, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही एकत्र. बेळगावात १८२०मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, तिथून इकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांची सुरुवात. आता तर एकाच घरात आजी मराठीत गाते, सून कन्नडमध्ये, आणि नातवंडांना दोन्ही लिप्या वाचताना जीभ अडखळते कारण शाळा इंग्रजी. उपासना चालवणाऱ्यानं यातल्या कुणासाठी तयारी करायची, हा प्रश्न मला वही घेऊन बसलं की दर वेळी पडतो.

माझ्या आधी उपासना चालवायचे ते एक निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. आता ते नाहीत. गुरुजी कधी कागद आणायचे नाहीत. पेटी पुढ्यात, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंडात एकच वाक्य, "आत्मा सुचवील तसं." लोकांना हे फार भावायचं. मलाही. मी तेव्हा २३ वर्षांचा, त्यांच्या मागे बसून तबला वाजवायचो, आणि पुढचं गाणं कुठलं हे पेटीचा पहिला स्वर कानावर पडल्यावर कळायचं.

पण माझी खोड मुळातली. एक वर्षभर मी गीतपुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नंबर मांडत गेलो. ५२ रविवार, दर रविवारी चार गाणी, म्हणजे २०८. त्यात वेगवेगळी गाणी किती निघाली? १९. शेकडो पदांचं पुस्तक, त्यातली नारायण वामन टिळकांचीच केवढी तरी, आणि आत्मा आम्हाला १९ सुचवत होता. तीही बहुतेक काळी दोनमधली, कारण गुरुजींचा गळा काळी दोनला चांगला लागायचा. प्रार्थनेचंही तेच. "जे आजारी आहेत, जे प्रवासात आहेत, जे तुरुंगात आहेत, जे कोणाच्याही प्रार्थनेत नाहीत" हे वाक्य दर रविवारी न चुकता यायचं. आम्ही तरुण संघाची पोरं मागच्या बाकावर ते त्यांच्या अर्धा सेकंद आधी पुटपुटायचो आणि हसू दाबायचो.

हे मी त्यांची टिंगल म्हणून लिहीत नाही. पुढं वडील इस्पितळात होते, रात्री दोनला मला प्रार्थना करायची होती आणि स्वतःचं एक वाक्य सुचत नव्हतं, तेव्हा माझ्या तोंडून तेच आलं, "जे आजारी आहेत, जे प्रवासात आहेत..." गुरुजींनी न ठरवता आमच्या तोंडी एक छापील प्रार्थना बसवली होती. फक्त तिला कोणी छापील म्हणत नव्हतं.

२०१४मध्ये काम माझ्याकडे आलं आणि मी लगेच वही घेतली. देवळात एक लाकडी फळी होती, गाण्यांचे आकडे सरकवून लावायची, खाच्यांची. कित्येक वर्षं ती सामानाच्या खोलीत पडून होती. मी ती पुसून, पॉलिश मारून वेदीच्या डावीकडे टांगली. आकडे कमी पडत होते, विशेषतः १ आणि ३, ते फाउंड्रीतल्या पॅटर्न शॉपमधल्या सुतारानं सागाच्या तुकड्यांवर करून दिले. वयस्कर बायकांना या फळीचा केवढा आनंद. आठला पाच कमी असताना येऊन त्या पुस्तकात चारही गाण्यांच्या जागी कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवायच्या. गुरुजींच्या काळात गाणं सापडेपर्यंत पहिलं कडवं संपलेलं असायचं, असं मला एकीनं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

मग मी चढत गेलो. एका रविवारचं नियोजन आठवड्याचं झालं, आठवड्याचं तीन महिन्यांचं. विषय ठरवायचे, त्या विषयाला धरून गाणी, वाचन, मुलांचं पाठांतर. पाळकसाहेब (म्हणजे मंडळीचे धर्मगुरू) खूश, कमिटी खूश. ६५ मिनिटांची उपासना ६५ मिनिटांत. एकदा ६७ झाली तर मी घरी येऊन ती दोन मिनिटं कुठं गेली ते शोधत बसलो होतो. अर्पणात गेली होती. सुटे पैसे.

२०१९च्या ऑगस्टपर्यंत हे असं चाललं.

त्या महिन्यातला पाऊस आमच्या भागात कोणी विसरणार नाही. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. शाळा बंद, शहरातल्या सखल गल्ल्यांत पाणी. कृष्णाकाठी चिकोडी-अथणीकडची गावं पाण्यात, तिकडं घटप्रभेनं गोकाक घेतलं. बाजारपेठेत पाणी, घरांच्या माळ्यावर माणसं. शाळा-शाळांतून गंजी केंद्रं, म्हणजे पूरग्रस्तांच्या जेवणा-राहण्याच्या छावण्या, उघडल्या होत्या. रविवार होता ११ ऑगस्ट. एवढ्या पावसातही देवळात पन्नासेक माणसं आली होती, ओल्या छत्र्यांचा ढीग दाराशी, आणि त्यातल्या निम्म्यांचं कोणी ना कोणी पाण्यात अडकलेलं.

त्या रविवारचा विषय मी जूनमध्येच ठरवून ठेवला होता: आशीर्वादांची वृष्टी.

फळीवर आकडे मी शनिवारीच लावले होते. सकाळी साडेसातला देवळात शिरताना ते मला दिसले, आणि मनात काहीतरी चरकलं, हे खरं. पण कीबोर्डवाल्या पोरानं तेच गाणं बसवलेलं, मुलांचं पाठांतर तेच, वाचणाऱ्यानं तोच उतारा चार वेळा घोकलेला. मी म्हटलं, राहू दे. दुसरं गाणं सुरू झालं. प्रभू, तुझ्या कृपेचा पाऊस पड, आम्हाला थेंबांनी भागत नाही, धारा येऊ देत, अशा अर्थाचं. पत्र्यावर बाहेरचा पाऊस इतका वाजत होता की तबला ऐकू येत नव्हता. दुसऱ्या कडव्याला तिसऱ्या ओळीतल्या एक आजी खाली बसल्या. त्या मूळच्या गोकाकच्या, इथं लेकीकडं राहतात. मुलगा, सून, घर, सगळं तिकडं. त्यांनी पुस्तक मिटलं, पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. त्यांच्या शेजारची बाई गायची थांबली. मग तिच्या शेजारची. आणि मी पुढं उभा राहून चारही कडवी म्हटली. वहीत चार लिहिली होती.

आजींचा मुलगा आणि सून सुखरूप निघाले, हे सोमवारी कळलं. घराची एक भिंत गेली. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

माणूस एका बाजूनं पडला की दुसऱ्या बाजूला झुकतो, तसं माझं झालं. पुढच्या रविवारपासून मी वही नेणं बंद केलं. फळी उतरवली. म्हटलं, गुरुजींचंच बरोबर होतं, समोर माणसं बघायची आणि सुचेल ते म्हणायचं. साडेतीन महिने हा प्रयोग चालला. लोकांनी सुरुवातीला कौतुक केलं, "आता कसं मोकळं वाटतं की." मग एकेक गोष्ट बाहेर पडू लागली.

कीबोर्डवाला पोरगा कॉलेजचा, गुणी, पण मला सुचलेलं गाणं त्याला येत असेलच असं नाही. तो ट्रान्स्पोजचं बटण दाबत स्वर शोधायचा आणि तोवर मी एका पट्टीत आणि मंडळी दुसऱ्या पट्टीत. एका रविवारी आम्ही एकच गाणं दोनदा म्हटलं, सुरुवातीला आणि अर्पणाला, आणि माझ्या ते घरी गेल्यावर लक्षात आलं. साक्षीसाठी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, मी मोकळा वेळ ठेवला, की ज्याला वाटेल त्यानं उठावं. वाटायचं ते नेहमी त्याच तिघांना. एका बंधूंनी आपल्या पित्ताशयातल्या खड्याची साक्ष २२ मिनिटं दिली, खड्याच्या मापासकट. देव खडा काढतो यावर माझा विश्वास आहे, पण लहान मुलं बाकाखाली झोपली होती.

सगळ्यात वाईट वाटलं ते पहिल्या रविवारच्या एकत्र उपासनेचं. आधी ठरलेलं असलं की मी कन्नड पुस्तकातला जोडनंबर काढून ठेवायचो, दोन्ही आकडे फळीवर, वर मराठी, खाली कन्नड. तीच चाल, दोन भाषा, ज्याला जी येते त्यानं ती म्हणावी. ऐनवेळी हे जमत नाही. ऐनवेळी सुचतं ते आपल्या आईच्या भाषेत सुचतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी लागोपाठ पाच मराठी गाणी घेतली, भारावून. कन्नड घरांतली माणसं हात बांधून उभी. त्यातले एक अण्णा नंतर दाराशी भेटले, फार सभ्य माणूस, म्हणाले, "छान झालं. आम्ही ऐकलं." ते 'ऐकलं' मला दिवसभर टोचत राहिलं. आपल्या सीमेवर भाषेवरून काय काय झालेलं आहे ते नव्यानं सांगायला नको. गाडीच्या नंबरप्लेटपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळ्याचं भांडण होतं. देवळात तरी ते येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी ही एकत्र उपासना सुरू केली, आणि मी माझ्या उत्स्फूर्तपणात ती एका भाषेची करून टाकली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ऐनवेळचं गाणं ज्यांना पाठ आहे त्यांचंच असतं. नवा माणूस, कमी वाचता येणारी बाई, दुसऱ्या भाषेतला, हे सगळे बाहेर राहतात. त्यांना शनिवारी कोणीतरी आठवलेलं असावं लागतं.

पाळकसाहेबांकडं गेलो. हे बदलून आलेले नवे पाळक, माझ्यापेक्षा वयानं लहान, पण वाचलेला माणूस. मी म्हटलं, साहेब, ठरवलं तरी चुकतं, नाही ठरवलं तरी चुकतं. त्यांनी बाईसाहेबांना चहा सांगितला आणि वेस्लीचं पत्र काढलं. जॉन वेस्ली म्हणजे मेथडिस्टांचा मूळ पुरुष, उघड्या मैदानात उभं राहून खाणमजुरांना उपदेश करणारा. मला वाटायचं, असा माणूस छापील प्रार्थनेच्या विरोधातच असणार. पण १७८४च्या सप्टेंबरात त्यानं अमेरिकेतल्या आपल्या लोकांना लिहिलं ते असं: इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकावरून मी एक लहान पुस्तक तयार केलं आहे, रविवारी ते वापरा. बुधवारी आणि शुक्रवारी लितानी, म्हणजे पुढच्यानं म्हणायची आणि लोकांनी प्रतिसाद द्यायची ठरावीक प्रार्थना, वाचा. बाकीच्या दिवशी मनातून प्रार्थना करा. मला हे वाचून हसू आलं. हा तर माझ्यासारखा, आठवड्याचा शिफ्ट चार्ट लावणारा.

दुसरी गोष्ट त्यांनी पंडिता रमाबाईंची काढली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५मध्ये जे संजीवन झालं त्याबद्दल आपल्या मंडळ्यांत लहानपणापासून ऐकवतात: मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी, कोणी कोणाला थांबवेना, वर्ग बंद पडले. न ठरवता घडलेल्या उपासनेचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नसेल. पाळकसाहेब म्हणाले, "ते जूनअखेर झालं. पण जानेवारीत रमाबाईंनी काय केलं होतं, ते कोणी सांगत नाही. रोज ठरावीक वेळी प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असं त्यांनी विचारलं. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. मग वाढत गेल्या. पाच महिने रोज ती वेळ चुकवली नाही." एवढं बोलून त्यांनी बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. निष्कर्ष काढून द्यायची त्यांना सवय नाही. उपदेशातही नाही, त्यामुळे काही लोक नाराज असतात.

उत्तर मला देवळात मिळालं नाही, कामावर मिळालं. नवीन भरती झालेल्या आयटीआयच्या पोरांना मी रायझर समजावून सांगत होतो.

ज्यांचा फाउंड्रीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: वितळलेला धातू साच्यात ओतला की थंड होताना आक्रसतो. जॉबच्या, म्हणजे जी वस्तू ओतून काढायची तिच्या, आकाराएवढीच पोकळी ठेवली आणि तेवढाच धातू ओतला, तर जिथं जाडी जास्त तिथं तो सगळ्यात शेवटी थिजतो, आणि तोवर त्याला आक्रसायला लागणारा धातू आजूबाजूला उरलेला नसतो. मग पोटात भोक पडतं. वरून जॉब गुळगुळीत, मशीनवर टूल लागलं की आतली पोकळी उघडी. म्हणून जाड भागाला लागून एक जादा पोकळी ठेवायची, तिच्यातही धातू भरू द्यायचा. जॉब आक्रसताना त्यातून ओढून घेतो. हा रायझर. तो कुठं ठेवायचा, केवढा ठेवायचा, हे धातू ओतायच्या कितीतरी आधी, पॅटर्न करतानाच ठरवावं लागतं. ओतताना सुचून उपयोग नसतो. आणि तो जॉबच्या आधी थिजून चालत नाही, नंतर थिजावा लागतो, नाहीतर शोभेलाच. शेवटी जॉब थंड झाल्यावर रायझर तोडून काढतात आणि परत भट्टीत टाकतात. मालकाला तो डोळ्यांसमोर नको असतो, कारण त्याच्या हिशेबात ओतलेल्या लोखंडातला एवढा भाग विकला जात नाही. दर मीटिंगला विचारतात, "हे एवढं कशाला?"

पोरांना हे सांगता सांगता मी मध्येच थांबलो. एकानं विचारलं, "सर, पुढं?" मी म्हटलं, पुढं चहा.

माझ्या वहीत गाण्यांचे नंबर होते, मिनिटं होती, रायझर नव्हता. ११ ऑगस्टला पन्नास माणसं आक्रसत होती आणि माझ्या साच्यात त्यांना ओढून घ्यायला काही शिल्लक नव्हतं. आणि पुढचे साडेतीन महिने मी साचाच काढून टाकला होता, धातू नुसता जमिनीवर.

डिसेंबरपासून वही परत आली, फळीही. पण पानावर आता दोन ठिकाणी चौकोन असतो, त्यात 'रा'. एक मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेनंतर, एक उपदेशानंतर आशीर्वादाच्या आधी. जिथं जाडी जास्त तिथं. पहिल्या 'रा'ला चार मिनिटं, दुसऱ्याला तीन. तिथं काय होणार हे मी लिहीत नाही, पण त्यासाठीची तयारी करतो: कीबोर्डवाल्या पोराला दर महिन्याला सहा जादा गाणी बसवायला देतो, तीन मराठी, तीन कन्नड, सगळी आधीच्या गाण्याच्या पट्टीशी जुळणारी, म्हणजे बटण दाबत बसायला नको. फळीवर शेवटचा खाचा रिकामा. नवीन माणूस विचारतो, आकडा पडला का? म्हातारी माणसं सांगतात, "नाही, तो तसाच असतो."

आणि शनिवारी संध्याकाळी मी चार फोन करतो. एक महिला संघाच्या अक्कांना, एक कन्नड मंडळीतल्या त्याच अण्णांना, एक शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) बाईंना, आणि एक गोकाकच्या आजींना. प्रश्न एकच: काय चाललंय? कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाच्या पोराला बेंगळूरला नोकरी लागली, कोणाच्या घरी बोलणं बंद आहे. पाच मिनिटांचे फोन, अण्णांचा पंधरा. त्यानंतर कधी कधी ठरलेली चारही गाणी तशीच राहतात, कधी दोन बदलतात. रविवारी साडेसातपासून मी दाराशी उभा असतो. आत पेटी जुळवत नाही. ते काम पोरांचं. माणसं चपला काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते बाकावर बसल्यावर राहत नाही.

हे सगळं नीट चालतं असं नाही. बरेचदा 'रा' रिकामाच जातो. मी शांत उभा, लोक शांत, पंख्याची करकर, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, लांबून गेटवर थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न. चार मिनिटं किती लांब असतात हे त्या वेळी कळतं. तोंड उघडून एखादं गाणं सुरू करायला जीभ शिवशिवते. सुरुवातीला मी करायचोही, दीड मिनिटातच. आता घड्याळ उलटं घालून उभा राहतो. एका रविवारी असंच कोणी काही बोललं नाही आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात नववीतल्या एका मुलीनं कन्नडमध्ये प्रार्थना केली, मराठी उपासनेत, तीन वाक्यं, आईच्या नोकरीसाठी. आमेन म्हणताना मराठी माणसांना क्षणभर कळेना की कधी म्हणायचं. मग सगळ्यांनी म्हटलं.

कमिटीत दर तीन महिन्यांनी प्रश्न येतो. "त्या मधल्या सात मिनिटांत काही घेता येईल काय? एखादं विशेष गाणं? सूचना?" सूचना! मी म्हणतो, बघतो. फाउंड्रीतल्या मीटिंगलाही मी हेच म्हणतो. रायझर दोन्हीकडे अजून शाबूत आहेत.

पाळकसाहेबांशी एक मतभेद मात्र आहे. त्यांचं म्हणणं, प्रार्थनाही लिहून आणाव्यात, निदान मध्यस्थीची, म्हणजे गुरुजींच्या वाक्यासारखं होणार नाही. मी लिहून बघितलं. कागदावरून वाचताना माझा आवाज बातम्या दिल्यासारखा येतो. मग मी फक्त नावं लिहितो, शनिवारच्या फोनवरून मिळालेली, एका चिठ्ठीवर, आणि वाक्यं तिथं जी येतील ती. त्यात गुरुजींचं ते वाक्य येतंच. आता मागच्या बाकावरची पोरं ते माझ्या आधी पुटपुटतात. मला दिसतं.

२०२३च्या जूनमध्ये पाऊस लांबला. मृगाचे दिवस सरत आले तरी आकाश कोरडं, गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, टँकरवाल्याचे फोन लागत नव्हते, खानापूरकडचे आमचे पाहुणे भाताची पेरणी करून वर बघत बसलेले. १७ तारखेच्या शनिवारी मी आजींना फोन केला. तब्येतीचं झालं, लेकीचं झालं, गोकाकच्या घराच्या भिंतीचं झालं. ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "ते तुझं पावसाचं गाणं हाय की, ते लाव उद्या."

मी म्हटलं, "कुठलं, आजी?" मला कळलं होतं.

"तेच रे. त्या वर्षी म्हटलं होतंस बघ. मला अर्धंच म्हणता आलं होतं."

चार वर्षं मी ते गाणं वहीत घेतलं नव्हतं. फळीवर त्याचा आकडा चढवायला हात धजला नसता. फळी तशीच ठेवली, चार नंबर लावलेले, पाचवा खाचा रिकामा. मध्यस्थीची प्रार्थना झाली, 'रा' आला, मी दीडेक मिनिट थांबलो आणि म्हटलं, "एका आजींनी एक गाणं मागितलंय." नंबर सांगितला. पुस्तकांची पानं उलटायचा आवाज झाला. आजी तिसऱ्या ओळीत, हातात पुस्तक नव्हतं, उभ्या राहिल्या. पोरानं स्वर दिला, बरोबर, काळी एक. दुसऱ्या कडव्याला मी गप्प झालो, म्हणजे आवाजच निघाला नाही, आणि मंडळीनं ते पुढं नेलं. आजींचा आवाज जरा खाली लागला होता, तालाच्या मागं मागं येत होता, चारही कडवी.

त्या रविवारी पाऊस आला नाही. उपासना ६८ मिनिटं झाली.